विस्मरणाची सुखात्मिका : जॉन ह्यूज यांच्या चित्रपटांतील किशोर आणि कुटुंब

१

थोरल्या मुलीचे लग्न उद्यावर आले आहे, आणि त्या गडबडीत घरातील सगळी माणसे तिच्या पाठच्या बहिणीचा सोळावा वाढदिवस विसरून जातात. ‘सिक्स्टीन कँडल्स’ (१९८४) या अमेरिकन चित्रपटाचे कथानक या एवढ्याशा घटनेवर उभे आहे. सहा वर्षांनंतरच्या ‘होम अलोन’ (१९९०) मध्ये एक मोठा गोतावळा नाताळच्या सुट्टीसाठी पॅरिसला निघतो आणि आठ वर्षांच्या मुलाला घरीच विसरून विमानात बसतो. पहिल्या चित्रपटात मुलीचा दिवस विसरला जातो, दुसऱ्यात मूलच विसरले जाते. पहिल्याचे लेखन आणि दिग्दर्शन जॉन ह्यूज (१९५०–२००९) यांचे आहे. दुसऱ्याचे लेखन त्यांचे, दिग्दर्शन ख्रिस कोलंबस यांचे. या दोन टोकांच्या मध्ये ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५), ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ (१९८६) आणि हॉवर्ड डॉइच यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रिटी इन पिंक’ (१९८६) हे ह्यूज यांनीच लिहिलेले चित्रपट येतात. अमेरिकेतील किशोरवयीन मुले आणि त्यांचे रोजचे घर यांची जी प्रतिमा विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर पोचली, तिच्या घडणीत या मोजक्या चित्रपटांचा वाटा मोठा आहे.

लोकप्रिय सुखात्मिकांचा विचार करताना समीक्षा सहसा दोन सोप्या वाटांपैकी एक धरते. एक वाट त्यांच्याकडे समाजाचा आरसा म्हणून पाहते आणि चित्रण खरे की खोटे एवढाच प्रश्न विचारते. दुसरी त्यांना बाजाराचा माल ठरवून मोकळी होते. दोन्ही वाटांनी जाताना चित्रपटाची रचना वाचायची राहून जाते. वस्तुतः या चित्रपटांत विस्मरण हा केवळ कथानकाला चालना देणारा प्रसंग नाही. तो त्यांच्या आकृतिबंधाचा कणा आहे. ह्यूज यांच्या किशोरांचे भांडण आईबापांच्या सत्तेशी नसून त्यांच्या अनवधानाशी आहे. ही तक्रार खरी आहे, आणि तिला आवाज मिळवून देणे हे या चित्रपटांचे निःसंशय श्रेय आहे. परंतु या एकाच तक्रारीला सगळ्या तक्रारींचे माप केल्यामुळे काही माणसे आणि काही प्रश्न चित्रपट स्वतःच विसरतो. विसरले जाण्याचे दुःख सांगणारी कलाकृती कोणाला विसरते, हा त्यामुळे येथे कळीचा प्रश्न ठरतो.

२

या चित्रपटांनी काय बदलले हे कळण्यासाठी त्यांच्या पूर्वपरंपरेकडे थोडे वळले पाहिजे. ‘टीनएजर’ हा शब्द अमेरिकेत रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत. मराठीतील ‘पौगंडावस्था’ ही संज्ञा संस्कृत वयोविभागातून आलेली आहे आणि तिचा निर्देश शरीरमनाच्या एका अवस्थेकडे आहे; ‘टीनएजर’ हा शब्द मात्र निव्वळ आकड्यांवरून, तेरा ते एकोणीस या संख्यांच्या शेवटावरून, घडलेला आहे. त्यात अवस्थेपेक्षा गट अधिक आहे : शाळेत जाणारा, हातात थोडा पैसा असलेला, स्वतःची मासिके, गाणी आणि कपडे असलेला गट. ‘सेव्हन्टीन’ हे मुलींचे मासिक १९४४ मध्ये निघाले, ते याच गटासाठी. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी ‘द अडॉलेसंट सोसायटी’ (१९६१) या ग्रंथात इलिनॉय राज्यातील शाळांचा अभ्यास करून असे दाखवले, की या मुलांचा स्वतःचा एक समाज बनला आहे आणि त्यातील प्रतिष्ठेच्या कसोट्या वडीलधाऱ्यांच्या कसोट्यांहून वेगळ्या आहेत. ह्यूज यांचे कल्पित उपनगर ‘शर्मर’ हेही इलिनॉयमधलेच आहे. शिकागोजवळच्या ज्या नॉर्थब्रुक गावात ह्यूज यांचे शालेय शिक्षण झाले, त्याचे जुने नाव शर्मरव्हिल असे होते.

किशोरवयीन मुलगा आणि त्याचे घर यांची आद्य चित्रपटीय सुखात्मिका म्हणजे एमजीएम कंपनीची ‘अँडी हार्डी’ मालिका. १९३७ ते १९४६ या काळात तिचे पंधरा चित्रपट निघाले, आणि १९५८ मध्ये आणखी एक. कार्वेल या कल्पित गावातील न्यायाधीश हार्डी आणि मिकी रूनी यांनी रंगवलेला त्यांचा धडपड्या मुलगा अँडी यांच्या संबंधांवर ही मालिका चालते. अँडी पैशाच्या किंवा प्रेमाच्या भानगडीत सापडतो आणि अखेर वडिलांच्या अभ्यासिकेत त्याचे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे होते. तेथे गुंता सुटतो. बापाचा व्यवसाय न्यायदानाचा आहे, हे अर्थपूर्ण आहे : घर हे न्यायाचे ठिकाण आहे आणि न्यायाधीश घरीच बसलेला आहे. अमेरिकन जीवनपद्धतीचे दर्शन घडवल्याबद्दल या मालिकेसाठी १९४३ मध्ये एमजीएमला खास ऑस्कर पुरस्कारही देण्यात आला. म्हणजे ‘सामान्य कुटुंब’ ही प्रतिमा तेव्हाच एका राष्ट्रीय मूल्याच्या पदवीला पोचलेली होती.

नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) मध्ये सुखात्मिकेचा जो सांगाडा मांडला, तो येथे उपयोगी पडतो. तरुण नायकाच्या इच्छेला वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी, बहुधा बाप किंवा बापासारखा पुरुष, आडवा येतो. शेवटी तो अडथळा दूर होतो आणि नायकाभोवती एक नवा समाज उभा राहतो. लग्न, मेजवानी, नृत्य ही त्या नव्या समाजाची चिन्हे. हार्डी मालिकेत अडथळा आणणारा बाप आणि सोडवणारा बाप एकच असल्यामुळे नवा समाज निर्माण होण्याची गरजच उरत नाही. जुनाच समाज मुलाला पोटात घेतो. निकोलस रे यांच्या ‘रेबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) या चित्रपटात, जो सुखात्मिका नव्हे, बाप घरात आहे पण अभ्यासिकेतला अधिकार त्याने गमावला आहे. ह्यूज यांच्याकडे येईपर्यंत न्यायाधीशाची खुर्ची रिकामी झालेली असते. बाप आडवा येत नाही, कारण त्याचे लक्षच नसते. अडथळाच नाहीसा झाला तर सुखात्मिका चालावी कशी, हा ह्यूज यांच्यापुढचा रचनेचा प्रश्न होता.

३

त्यावर ह्यूज यांनी काढलेला मार्ग असा, की अनवधान हाच अडथळा करायचा. आंरी बर्गसाँ यांनी हास्यावरील आपल्या १९०० सालच्या निबंधात अनवधान हा विनोदाचा एक मुख्य झरा मानला आहे. ज्याचे भोवतालच्या जिवंत वास्तवाकडे लक्ष नाही आणि जो सवयीच्या चाकोरीतून यंत्रासारखा फिरतो, तो हास्यास्पद होतो. आणि हसणाऱ्याला क्षणभर आपले हृदय बधिर करावे लागते, असेही ते म्हणतात. ‘सिक्स्टीन कँडल्स’मधील सकाळ ही बर्गसाँच्या सूत्राचे उदाहरण म्हणून दाखवावी अशी आहे. आई, बाप, भावंडे, लग्नासाठी आलेले दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळे आपापल्या कामाच्या यंत्रात अडकलेले आहेत. समँथा त्यांच्यासमोरून जाते आणि कोणालाही ती दिसत नाही. पाहुण्यांमुळे तिची खोलीही तिच्याकडे राहत नाही. रात्री तिला दिवाणखान्यातील कोचावर झोपावे लागते.

पण ह्यूज यांनी बर्गसाँच्या सूत्रात एक बदल केला आहे. प्रेक्षकाने हृदय बधिर करायचे ते मोठ्यांच्या बाबतीत; समँथाच्या बाबतीत मात्र ते जागे ठेवायचे. हास्य आणि करुणा यांची ही वाटणी कॅमेऱ्याच्या जागेनेच होते, कारण तो बहुतेक वेळ मुलीच्या बाजूला असतो. तिची स्वगते, फोनवरचे बोलणे, नजर चुकवणे हे फक्त प्रेक्षकाला कळते. रात्री बाप कोचापाशी येऊन दिलगिरी व्यक्त करतो, तो प्रसंग हार्डीच्या अभ्यासिकेचे दूरचे पडसाद घेऊन येतो. फरक असा, की येथे मुलगी न्यायाधीश आहे आणि बाप आरोपी. तो निवाडा देत नाही, माफी मागतो.

शेवट त्याहूनही बोलका आहे. लग्नानंतर बहिणीचा विसरलेला अवगुंठनाचा पदर आणायला समँथा चर्चमध्ये परत जाते, आणि बाहेर येते तो सगळ्या गाड्या निघून गेलेल्या असतात. तिला पुन्हा एकदा विसरले आहे. पण या वेळी त्या रिकाम्या रस्त्यापलीकडे जेक हा तिचा मनातला मुलगा उभा आहे. फ्राय यांच्या आकृतिबंधात लग्नाची मेजवानी ही नव्या समाजाची खूण असते. येथे नायिका त्या मेजवानीतून वगळली जाते, आणि वगळली गेल्यामुळेच सुखी होते. केक कापला जातो तो जेकच्या घरी, त्याचे आईबाप नसताना. कुटुंबाचे विस्मरण हे दुःखाचे कारण होते. आता तेच सुखाची अट बनते. तक्रार आणि तिचे निवारण एकाच घटनेतून निघते. त्यामुळे कुटुंबाला बदलावेच लागत नाही.

४

‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्ये ही रचना अधिक गंभीर होते. २४ मार्च १९८४, शनिवार. शिक्षा म्हणून पाच मुले दिवसभर शाळेच्या ग्रंथालयात बसवलेली आहेत. आईबाप पडद्यावर येतात ते फक्त आरंभी आणि अखेरीस, गाडीतून मुलांना सोडायला आणि न्यायला. पण मधल्या सगळ्या वेळात मुले बोलतात ती त्यांच्याविषयीच. अँड्र्यूला बाप जिंकण्यासाठी रेटतो. ब्रायनला घरून गुणांचा धाक आहे. क्लेअरचा उपयोग आईबाप एकमेकांविरुद्ध करतात. बेंडरच्या हातावर बापाने सिगारने दिलेला डाग आहे. आणि अ‍ॅलिसनची तक्रार एकाच शब्दाची : तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते.

या पाच कबुल्यांना चित्रपट एका रांगेत बसवतो. येथेच त्याचे सामर्थ्य आहे आणि येथेच त्याची मर्यादा. सामर्थ्य असे, की किशोरांचे बोलणे त्याने विनोदाच्या चुटक्यापुरते न ठेवता त्याला दीर्घ, अडखळत्या, एकमेकांवर आदळणाऱ्या संवादाचा अवकाश दिला. चित्रपटाला मिळालेल्या ‘आर’ वर्गीकरणामुळे सतरा वर्षांखालील मुलाला तो आईबापांच्या वा एखाद्या प्रौढाच्या सोबतीशिवाय पाहता येत नव्हता. आईबापांच्या गैरहजेरीवरचा चित्रपट पाहण्यासाठी आईबाप बरोबर हवेत, हा उपरोध चित्रपटाबाहेरचा असला तरी अर्थपूर्ण आहे. मर्यादा अशी, की सिगारचा डाग आणि दुर्लक्षाची बोच या दोहोंना एकाच तराजूत तोलले जाते. मारहाण, दारिद्र्य, दडपण, एकटेपणा या वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी ‘आमचे आईबाप आम्हाला समजून घेत नाहीत’ या एका वाक्यात विरघळतात.

चित्रपटाला हा भेद माहीत नाही असे मात्र नाही. जेवणाच्या सुट्टीतला प्रसंग पाहावा. क्लेअर डब्यातून सुशी काढते, ब्रायनच्या डब्यात आईने नीट बांधून दिलेले जेवण आहे, बेंडरकडे काहीच नाही. सकाळी चौघांना गाडीने आणून सोडले जाते. बेंडर चालत येतो. संध्याकाळी इतर जण गाडीत बसतात, तो मैदान तुडवत चालत जातो. वर्गभेद असा डब्यांतून आणि गाड्यांतून स्पष्ट लिहिलेला आहे. पण संवादाच्या पातळीवर तो भावनेच्या भाषेत भाषांतरित होतो, आणि शेवटी क्लेअरच्या हिऱ्याच्या कुड्यातील एक बेंडरच्या कानात जाऊन तो मिटल्यासारखा दाखवला जातो. अ‍ॅलिसनचेही असेच. दुर्लक्षित असण्याची तिची वेदना दूर होते ती क्लेअरने तिचे रूप बदलल्यावर. दिसण्यासारखे झाल्यावरच ती दिसू लागते.

तरीही एक प्रश्न चित्रपटाला मिटवता आलेला नाही. ब्रायन विचारतो, की सोमवारी काय होणार? आपण शाळेत एकमेकांना ओळख देणार का? क्लेअर प्रामाणिकपणे सांगते, की बहुधा नाही. फ्राय यांच्या सुखात्मिकेतील नवा समाज येथे निर्माण झालेला आहे, पण त्याचे आयुष्य एका शनिवारपुरते आहे. चित्रपट सोमवार दाखवत नाही. हे न दाखवणे हा कलात्मक संयम मानायचा की पळवाट, यावर मतभेद संभवतो. परंतु चित्रपटासाठीच लिहिलेले आणि सिंपल माइंड्स या वाद्यवृंदाने गायलेले गीत, जे १९८५ मध्ये अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, त्याच्या शीर्षकातच ‘मला विसरू नकोस’ ही विनवणी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मुलांची भीती कोठे सरकली आहे ते कळते. आईबापांनी विसरले हे दुःख सकाळचे. संध्याकाळचे दुःख हे, की आता आपणच एकमेकांना विसरणार. व्हर्नन हा शिक्षकही तळघरात कार्ल या सफाई कामगाराजवळ आपल्या म्हातारपणाची काळजी बोलून दाखवतो, की पुढे याच मुलांच्या हाती सगळे जाणार. कार्ल त्याला दिलासा देत नाही. आरंभीच्या दृश्यमालिकेत शाळेच्या जुन्या मानकऱ्यांत याच कार्लचे छायाचित्र दिसून जाते. ज्या शाळेने एकेकाळी त्याचा गौरव केला, तेथेच तो आता केर काढतो. सोमवारनंतर काय होते याचे उत्तर चित्रपटाने कदाचित या एका छायाचित्रात देऊन ठेवले आहे.

५

‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’मध्ये विस्मरणाचे रूप पालटते. फेरिसचे आईबाप त्याला विसरत नाहीत. ते त्याच्या कपाळाला हात लावतात, त्याची विचारपूस करतात, आणि तरीही त्यांना काही दिसत नाही. येथे लक्ष आहे, दृष्टी नाही. आई घरे विकण्याच्या व्यवसायात आहे, बाप शहरातील कचेरीत. मुलगा दिवसभर शिकागोभर हिंडतो आणि संध्याकाळी आईबापांच्या आधी अंथरुणात शिरतो. आडव्या येणाऱ्या वडीलधाऱ्याची भूमिका शाळेचा अधिकारी रूनी याच्याकडे दिली आहे. त्याचा सगळा अधिकार चिखलात पडून, कपडे फाटून, शेवटी शाळेच्या बसमध्ये मुलांच्या शेजारी बसण्याइतका खाली येतो. बापाच्या अधिकाराची जी थट्टा करायची, ती एका नोकरदाराची केली जाते. घर सुरक्षित राहते.

या चित्रपटाचे खरे दुःख फेरिसचे नसून त्याच्या मित्राचे, कॅमेरनचे आहे. त्याचा बाप पडद्यावर कधीच येत नाही. येते ती त्याची १९६१ सालची फेरारी, काचेच्या भिंतींच्या गॅरेजमध्ये ठेवलेली. बापाचे जे लक्ष मुलावर हवे होते ते गाडीवर आहे. ती गाडी काच फोडून खाली दरीत कोसळते, तेव्हा कॅमेरन पळून न जाता बापाला सामोरे जायचे ठरवतो. ह्यूज यांच्या चित्रपटांत बापाशी थेट सामना होण्याची शक्यता इतकी जवळ क्वचितच आली असेल. पण तो सामनाही पडद्याबाहेर राहतो. कॅमेरा फेरिसबरोबर घराकडे धावत सुटतो. सोमवारप्रमाणेच हाही प्रसंग सुखात्मिकेच्या कुंपणापलीकडे ठेवला जातो.

मात्र रचनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेरिस वारंवार कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाशी बोलतो. समँथाची स्वगते, ब्रायनचा निबंध आणि फेरिसचे संबोधन या तिन्हींचा अर्थ एकच आहे : घरात जे ऐकायला कोणी नाही ते ऐकण्यासाठी प्रेक्षकाची नेमणूक केली जाते. प्रेक्षक हा लक्ष देणाऱ्या पालकाच्या रिकाम्या खुर्चीत बसवला जातो. किशोर प्रेक्षक एकाच वेळी विसरलेले मूलही होतो आणि त्या मुलाला समजून घेणारा मोठा माणूसही. या चित्रपटांशी एका संपूर्ण पिढीचे जे जिव्हाळ्याचे नाते जडले, त्याचे स्पष्टीकरण या दुहेरी स्थानात आहे. लेखनाकडे वळण्यापूर्वी ह्यूज शिकागोत जाहिरातींची संहिता लिहीत असत, हे येथे आठवते. आपल्याकडे कोणीतरी बघते आहे असे वाटायला लावणे हे जाहिरातीचेही मूळ तंत्र. घर ज्याला विसरले त्याला बाजाराने बरोबर हेरले, असेही म्हणता येईल. पण एवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल, कारण त्या मुलांना दुसऱ्या कोणी इतके ऐकून घेतले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

६

आता मोठ्यांचे लक्ष का नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण तो चित्रपट विचारत नाहीत. लक्ष देणे म्हणजे वेळ देणे, आणि ज्या समाजात वेळ विकून घर चालते तेथे वेळेचा प्रश्न हा श्रमाचा प्रश्न असतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील घटस्फोटांचे प्रमाण उच्चांकाला पोचले होते, आणि दोघेही नोकरी करणारी जोडपी वाढत होती. या साऱ्याच्या खुणा चित्रपटांत आहेत, पण कारण म्हणून नव्हे, पार्श्वभूमी म्हणून. मोठ्यांचे काम हे त्यांच्या अनवधानाचे निमित्त होते, कधी विषय होत नाही.

अपवाद ‘प्रिटी इन पिंक’चा. येथे बाप बेकार आहे, आई सोडून गेलेली आहे, आणि सकाळी मुलगी बापाला उठवते, नोकरी शोधायला लावते. अँडी गाण्यांच्या तबकड्यांच्या दुकानात काम करते आणि आपले कपडे स्वतः शिवते. विस्मरणाचे समीकरण येथे उलटे होते : मुलीला सगळे लक्षात ठेवावे लागते आणि बाप विसरू पाहतो. जेथे पैसा कमी आहे तेथे विसरले जाण्याची तक्रार करण्याचीही सवड मुलाला नाही, हे एवढ्यावरून उघड होते. समँथाचे दुःख खोटे ठरत नाही. पण ते भरल्या घरातले दुःख आहे, हे कळते. या चित्रपटाचा मूळ शेवट अँडी आणि तिचा तिच्यासारखाच गरीब मित्र डकी यांना एकत्र आणणारा होता. पूर्वपरीक्षेतील प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून पुन्हा चित्रण करून तिला श्रीमंत ब्लेनकडे पाठवण्यात आले. सुखात्मिकेच्या शेवटी कोणता समाज उभा राहायचा हे येथे प्रेक्षकगृहातील पसंतीने ठरले. वर्गभेद प्रेमाने मिटतो, ही समजूत त्या पसंतीला हवी होती.

‘होम अलोन’मध्ये ही प्रक्रिया पूर्णत्वाला जाते. १९९० मधील प्रदर्शित चित्रपटांत अमेरिकेत सर्वाधिक उत्पन्न याच चित्रपटाने मिळवले. निघण्याच्या घाईत मुलांची डोकी मोजली जातात आणि शेजारचा एक मुलगा चुकून त्या मोजणीत धरला जातो. मूल म्हणजे एक आकडा, आणि आकडा जुळला की लक्ष दिल्यासारखे झाले, ही बोच अचूक आहे. परंतु केव्हिनला विसरल्यानंतर काय होते? घर त्याला विसरत नाही. उबदार खोल्या, भरलेली कपाटे, दिवे, दूरदर्शन संच, कपडे धुण्याचे यंत्र, सगळे त्याच्या सेवेला हजर आहे. जे आईबापांनी केले नाही ते वास्तू करते. आणि मुलगा त्या वास्तूचे रक्षण करतो ते दोन भुरट्या चोरांपासून, ज्यांना त्या घरात शिरायला दुसरी वाट नाही. विसरलेले मूल शेवटी मालमत्तेचा पहारेकरी होते. किशोराची तक्रार जेथून सुरू झाली होती, तेथून ती येथवर, कुटुंबाच्या तटबंदीपर्यंत, येऊन पोचते.

७

पहिल्या प्रश्नाकडे येथे वळता येते : या चित्रपटांनी स्वतः कोणाला विसरले? उत्तर ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्येच आहे. जेकच्या घरी झालेल्या धिंगाण्यानंतर त्याची मैत्रीण कॅरोलाइन दारूने बेशुद्धीच्या काठावर आहे. जेक तिला आपल्या बापाच्या रोल्स-रॉइस गाडीसह दुसऱ्या, जवळजवळ अनोळखी मुलाच्या हवाली करतो. सकाळी, रात्री काय घडले हे दोघांनाही धड आठवत नाही, आणि हे न आठवणे हाच विनोद म्हणून सादर होतो. ज्या चित्रपटात एका मुलीचा वाढदिवस विसरणे हा अपराध आहे, त्याच चित्रपटात दुसऱ्या मुलीची संपूर्ण रात्र विसरणे ही गंमत आहे. समँथाला न्याय मिळावा म्हणून जेक आदर्श ठरायला हवा. आणि तो आदर्श ठरायला कॅरोलाइन विसरली जायला हवी. येथे विस्मरण हे पात्रांचे राहत नाही, संहितेचे होते.

लाँग डक डाँग या परदेशी विद्यार्थ्याचेही तेच. तो पडद्यावर आला, की घंटेचा टणत्कार होतो. घरातल्या अनेक माणसांना समँथा दिसत नाही म्हणून प्रेक्षक हळहळतो. पण डाँग दिसतो तो केवळ ध्वनियुक्त चेष्टेच्या रूपात, आणि त्याचे हृदय असण्याची शक्यता प्रेक्षकाला कधी सुचवलीच जात नाही. बर्गसाँ ज्याला हृदयाची बधिरता म्हणतात, तिचे वाटप कसे होते याचा हा स्पष्ट पुरावा आहे. मुख्य भूमिका करणाऱ्या मॉली रिंगवाल्ड यांनी २०१८ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलेल्या लेखात या चित्रपटांकडे नव्याने पाहताना कॅरोलाइनचा प्रसंग, तसेच ‘द ब्रेकफास्ट क्लब’मधील बेंडरचे क्लेअरशी वागणे, यांविषयीची अस्वस्थता मांडली; त्याच वेळी एकाकी मुलांना या चित्रपटांनी दिलेला आधारही त्यांनी नाकारला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. त्यांतील एक खरी मानण्यासाठी दुसरी खोटी ठरवणे, हा आळस आहे.

आजच्या नैतिक जाणिवेने जुन्या विनोदाला जाब विचारणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. पण हा जाब बाहेरून आणलेला नाही. माणसाकडे लक्ष द्या, त्याला विसरू नका, हे मूल्य खुद्द या चित्रपटांनीच प्रतिष्ठित केले आहे. त्याच मूल्याने त्यांचे मापन केले, तर ते मापन त्यांच्याच घरचे आहे.

८

नंतरच्या चित्रपटांनी हा वारसा कसा हाताळला, हे दोन उदाहरणांवरून दिसते. ग्रेटा गर्विग यांच्या ‘लेडी बर्ड’ (२०१७) मध्ये आई परिचारिका आहे, जादा पाळ्या करते. बापाची नोकरी जाते. आणि पैशाचे बोलणे घरात उघड होते. येथे आईचे लक्ष कमी नाही, उलट इतके आहे, की मुलीला ते टोचते. आईचे प्रेम आणि तिचा थकवा यांना वेगळे करता येत नाही, ही गोष्ट चित्रपटाने नेमकी पकडली आहे. ह्यूज यांच्या कुंपणाबाहेर राहिलेला श्रम येथे स्वयंपाकघरात आला आहे. बो बर्नम यांच्या ‘एट्थ ग्रेड’ (२०१८) मध्ये एकटा बाप मुलीशी बोलायला धडपडतो आणि मुलगी फोनमध्ये बुडालेली आहे. केला ही तेरा वर्षांची मुलगीही फेरिसप्रमाणे कॅमेऱ्याकडे पाहून उपदेश करते. पण तिची चित्रफीत बघणारे जवळजवळ कोणी नाही. फेरिसला पलीकडे प्रेक्षक आहे याची खात्री होती. केलाला ती नाही. लक्ष देणाऱ्या पालकाच्या ज्या खुर्चीत ह्यूज यांनी प्रेक्षकाला बसवले होते, ती खुर्ची आता रिकामी असू शकते, ही जाणीव या नव्या सुखात्मिकेला अधिक काळोखी करते, आणि अधिक प्रामाणिकही.

अमेरिकन कुटुंबाचे खरे चित्र या चित्रपटांत आहे की नाही, हा वाद त्यामुळे फारसा फलद्रूप होत नाही. रोजचे जीवन ही कोणत्याही कलाकृतीत सापडणारी वस्तू नव्हे. कोणाकडे किती वेळ पाहायचे याच्या निवडीतून ते रचले जाते. सुखात्मिकेच्या समीक्षेने विचारायचा प्रश्न आहे तो अवधानाच्या वाटपाचा : हसण्यासाठी कोणाला वापरले, रडण्यासाठी कोणाला निवडले, आणि दोन्हींसाठी ज्यांचा उपयोग नव्हता ते कोठे गेले. ह्यूज यांनी एका विसरलेल्या मुलीकडे वळून पाहायला कॅमेऱ्याला शिकवले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. ते मान्य केल्यावर मग मेजवानीच्या खोलीबाहेर राहिलेल्यांची, म्हणजे गाडीत निजलेल्या कॅरोलाइनची, घंटेच्या आवाजाने जाहीर होणाऱ्या डाँगची, मैदानातून चालत घरी निघालेल्या बेंडरची आणि ग्रंथालय बंद करून केर काढणाऱ्या कार्लची मोजणी करावी लागते. ‘होम अलोन’मधल्या त्या घाईच्या सकाळी डोकी मोजताना जी चूक झाली, ती सुखात्मिकेने स्वतःच्या बाबतीतही केली आहे. आकडा जुळला होता. माणसे जुळली नव्हती.